दहा मिनिटं पुढे

ऑकलंडला आम्ही मुलीकडे राहत होतो; तिथल्या अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून एक घड्याळ आणायचं, एवढंच काम होतं. माझी बायको श्यामला हृदयाच्या दुखण्यातून नुकती उठली होती आणि गोळ्यांची वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती माझ्याआधी गेली तर माझं काय, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

जुन्या सामानाच्या एका टेबलावर जपानी घड्याळ दिसलं, रेडिओवर वेळ घेणारं. पुण्याच्या रेडिओ केंद्रात मी जन्मभर ट्रान्समीटर सांभाळले, त्यामुळे सोबत आलेल्या आमच्या मुलीची, विनिताची, तिथंच शिकवणी सुरू केली.

"जपानातला मनोरा अचूक वेळ पाठवतो. आतल्या अँटेनाला ती मिळाली की हिरवा दिवा लागतो आणि काटे आपले आपण जागेवर येतात."

"पण बाबा, जपान कुठे, ऑकलंड कुठे. इथे सिग्नल कसा येणार?"

"नाहीच येणार. मग ते साध्या घड्याळासारखं चालतं. बटण दाबून आपण लावायचं."

घरी आल्यावर मी मोबाइल बघून ते लावलं. श्यामलाला पटलं नाही.

"दहा मिनिटं पुढे करा हो. आपलं असतं तसं."

पुण्यातही ती घड्याळ पुढेच ठेवायची. "आता गोळ्यांनाही फसवणार का?" असं मी चिडवलं, पण केलं पुढे.

त्या आठवड्यात एका दुपारी विनिता ऑफिसला गेली होती. बाहेर पावसाची रिपरिप, हीटर लावूनही कार्पेटला ओलसर वास. अचानक भिंतीवर घुर्रर्र आवाज झाला. घड्याळाचे काटे भराभर फिरले, बारावर थांबले, जरा वेळ तिथंच राहिले आणि पुन्हा फिरून पहिल्यापेक्षाही पुढे जाऊन थांबले. हिरवा दिवा लागला. म्हणजे कुठून तरी वेळ मिळाली होती. कुठून, ते मला सांगता येईना. मी काटे मागे आणले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि घड्याळ आणखी पुढे. जन्मभराची विद्या असून माझी मती गुंग झाली.

श्यामला मात्र त्याच घड्याळावर गोळ्या घ्यायची, जेवायची, निजायची.

मग एकदा मी चष्मा शोधत होतो. कुठे आहे, हे विचारायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "टीव्हीमागे बघा." मला हसू आलं. पुढे मात्र हसू येईना. मी विचारायच्या कितीतरी आधी तिची उत्तरं येऊन जायची. मी बोलायचो तेव्हा ती गप्प असायची, जणू ते बोलणं तिच्या लेखी कधीच संपलं होतं. हिचं बिघडलंय की माझं, मला कळेनासं झालं.

आज सकाळी ती आपणहून म्हणाली, "नका काढू ते. त्याची वेळ बरोबर आहे..."

घड्याळ काढून टाकूया, असं मी म्हणणार होतो. अजून म्हणालो नव्हतो.

दुपारी मी खुर्चीत बसलो होतो. ती चहा घेऊन आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. कप टेबलावर ठेवला. तिनं फोन उचलला. तो वाजला नव्हता, तिनं नंबरही लावला नव्हता, पडदा काळाच होता.

"विनिता... लगेच ये गं. बाबा खुर्चीतच... मी हाका मारतेय, ओ देत नाहीत..."

"श्यामला, अगं, मी इथंच आहे," मी म्हणालो.

तिनं वर पाहिलं नाही. ती समोर बसून रडत होती, पण श्वास एका लयीत होता, गालांवर रंग होता. तिची एकही गोळी चुकलेली नाही. ती अजून तिथंच बसून आहे आणि मी खुर्चीतच आहे. चहा निवला आहे.

घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. ते आता किती पुढे आहे, हे बघायला मी अजून मान वळवलेली नाही.