उलटा पीळ

दिवाळीत सातपूरच्या कारखान्यांतले सगळे घरी जायचे, तेव्हा सावळीरामचं काम सुरू व्हायचं. वाफेच्या पाइपाला हात लावायचा तर बॉयलर थंड हवा, आणि कारखान्याचा बॉयलर थंड व्हायचा तो सणाच्या सुट्टीतच. पाइप उघडा राहिला तर वाफ वाटेतच गार होते, तिचं पाणी होतं, कोळसा फुकट जातो. म्हणून पाइपाला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, लपेटायचं, तारेने आवळायचं, वरून कापडी पट्टी गुंडाळायची. याला सगळे पाइपाला गोधडी घालणं म्हणत, आणि गोधडी घालणारे मात्र थंडीत कुडकुडत.

काम दोघांचं. मोठा पाइप भिंतीलगत जायचा. मागे जेमतेम एक हडकुळा माणूस मावेल एवढी फट. तिथे पुंजा, पुढे सावळीराम. सावळीरामने पट्टीची गुंडाळी वरून सोडायची, पुंजाने ती ताणून खालून परत द्यायची. मागच्या तारा पुंजा आवळायचा, पुढच्या सावळीराम. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड कमी आणि हातच जास्त पाहिले. पुंजा डावखुरा, त्यामुळे त्याच्या तारेचा पीळ उलटा पडायचा. सावळीराम त्यावरून त्याला भारी चिडवायचा. यंदा वैशाखात पुंजा खोकून खोकून गेला.

"नवा माणूस दिवाळीनंतर देतो," कंत्राटदार म्हणाला. "तोवर एकट्याने उरक."

एकट्याने उरकायची सावळीरामला सवय होती. बायको झुंबर गेल्यापासून चूल, भाकरी, अंथरूण, सगळं एकट्याचंच. पण कामावर तरी पुंजा होता. आता तोही नाही म्हटल्यावर त्याला फार पोरकं वाटत होतं.

दुपार होती, पण बॉयलरघरात काजळलेल्या काचांतून येणारा उजेड खालपर्यंत पोचतच नव्हता. गार लोखंडाचा आणि ओल्या राखेचा वास भरून राहिला होता. कुठेतरी थेंब पडत होता. सावळीरामने सवयीने गुंडाळी पाइपावरून मागे सोडली आणि जीभ चावली. मागे होतं कोण धरायला?

गुंडाळी पडल्याचा आवाज आला नाही.

जरा वेळाने ती पाइपाखालून त्याच्या हाताशी आली. पट्टी ताणलेली होती, पुंजा ताणायचा तशी.

"पुंजा...?"

फटीत कोरडा खोकला झाला. मग हळूच, "येऊ दे की..."

सावळीरामच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठे? खोलीवर? तिथे तर खोकणारंही कुणी नव्हतं. त्याने गुंडाळी पुन्हा वरून सोडली.

संध्याकाळपर्यंत सगळा पाइप झाला, फक्त शेवटचा जोड उरला. तो झाला की काम संपणार, आणि पुंजाही जाणार. सावळीरामने मुद्दामच पक्कड पिशवीत टाकली.

"उद्या येतो," तो फटीकडे न बघता म्हणाला. "एकट्यानं करू नको..."

सकाळी रखवालदार बहिरूने कुलूप काढलं. रात्री आत कुणी आलं होतं का, सावळीरामने विचारलं.

"रातभर कोन नाय आलं हितं," तो म्हणाला. "चावी माझ्या कमरंला हाय."

बहिरू फाटकाकडे परत गेला. सावळीराम आत येऊन बघतो, तर शेवटचा जोड गुंडाळून तयार. त्याने वाकून पाहिलं. तारा पुढून आवळलेल्या होत्या, त्याच्या स्वतःच्या बाजूने, आणि एकूणएक तारेचा पीळ उलटा होता.

म्हणजे पुंजा मागची जागा सोडून पुढे आला होता.

सावळीरामने फटीत बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. पुंजाच्या जागेवर गोणपाट झटकून नीट अंथरलं होतं, कुणी बसायला येणार असल्यासारखं.

इतक्या वर्षांत सावळीरामला कधी साधा ठसकासुद्धा लागला नव्हता. बहिरूला हाक मारायला त्याने तोंड उघडलं. हाक काही फुटली नाही. आला तो खोकला, कोरडा, थेट पुंजासारखा.