चौघांची गाडी

कुंदाताई पिठल्याचं पातेलं घेऊन धापा टाकत गच्चीवर पोहोचल्या, तेव्हा त्यांचं अख्खं कुटुंब चिकटपट्टीच्या गाडीत झोपलेलं होतं!

खरोखरच झोपलेलं. लादीवर पिवळ्या पट्टीने आखलेला लांबट चौकोन आणि त्यात चार सतरंज्या. एकीवर यजमान गुरुदत्त, छातीवर मोजपट्टी ठेवून. दुसरीवर मुलगा यज्ञेश, तिसरीवर सून राजसी, चौथीवर आठ वर्षांची नात ओवी. रविवारी, भर दुपारी साडेबाराला, अंबरनाथ पश्चिमेसारख्या गजबजलेल्या वस्तीत! समोरच्या इमारतीतल्या बायका खिडक्यांना लोंबकळून बघत होत्या. धरणीने पोटात घ्यावं असं कुंदाताईंना वाटलं. पण गच्चीवर धरणी कुठून आणायची, पायाखाली तर सेक्रेटरी श्रीपादरावांचा हॉल होता.

हे खूळ गुरुदत्तांचं. कारखान्यात बत्तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळून ते दिवाळीत निवृत्त झाले आणि आता घर बरोबर घेऊन देश बघायचा म्हणून मोटारहोम बांधून घ्यायला निघाले. उल्हासनगरात कॅम्प चारला हरेशशेठच्या शेडमध्ये टेम्पोच्या सांगाड्यावर अशी चाकांवरची घरं बांधून मिळत. पण केवढी घ्यायची? या एका प्रश्नाने तीन महिने घरादाराचं डोकं फिरवलं होतं. सहा जणांची लांब, चौघांची मधली, की दोघांची छोटी? मित्रांना नेता येईल म्हणून यज्ञेशला लांब हवी होती. पण तो राहत होता त्या खरवईच्या गल्लीतच ती वळली नसती, आणि अंबरनाथच्या सोसायटीच्या गेटातून तर तिचं नाकसुद्धा आत आलं नसतं. राजसीचं म्हणणं एकच, आत संडास पाहिजे, मग गाडी बैलगाडीएवढी असली तरी चालेल. शेवटी चौघांची ठरली. आणि कारखान्यात नवं मशीन यायच्या आधी त्याची जागा खडूने जमिनीवर आखून बघायची गुरुदत्तांची पद्धत, म्हणून आज सकाळपासून हा गच्चीवरचा संसार. पट्टी ओलांडायची नाही, दाराची खूण केलीय तिथूनच ये-जा करायची आणि संध्याकाळपर्यंत आतच राहायचं.

घरात माणसं पाच आणि गाडी चौघांची, याची मात्र कुणाला खंत नव्हती. कारण कुंदाला गाडी लागते, ही त्या घरातली सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ गोष्ट होती!

काय सांगावं या गोष्टीचं! तीस वर्षांपूर्वी कंपनीच्या रजेच्या प्रवासाची पहिली तिकिटं आली तेव्हा सासूबाई, विठाबाई, अर्धांगवायूने नुकत्याच अंथरुणाला खिळल्या होत्या. तिकिटं पाहून त्या माउलीच्या डोळ्यांना धार लागली... माझ्यापायी पोरीचं जाणं राहिलं म्हणाल्या. तेव्हा त्यांचं तोंड पुसता पुसता कुंदाताईंनी हसून सांगितलं होतं की छे हो, मला मुळात गाडीच लागते, मला कुठे जायची हौस! सासूबाईंचा जीव खाली पडला. आणि त्या एका खोट्यावर बापलेकांचे अठ्ठावीस प्रवास झाले. म्हैसूर झालं, राजस्थान झालं, काश्मीर झालं. कुंदाताईंच्या दशम्यांनी आणि चिवड्याने भारतभ्रमण केलं. कुंदाताई कर्जतच्या पलीकडे गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी सासूबाई सुखाने गेल्या. आता तरी कुणी विचारील... आता तरी! एवढी एकच आस त्या अभागी जिवाने उराशी धरली होती.

आज सकाळपासून त्यांनी चहा, पोहे, पुन्हा चहा, ओवीचं दूध आणि आता पिठलं-भात असं सगळं तीन मजले चढवून वर आणलं होतं आणि दर वेळी पट्टीबाहेर उभं राहून आत दिलं होतं. आत जायला कुणी मना केलं नव्हतं. पण आत पाय ठेवायला जागाही नव्हती.

गुरुदत्त उठून बसले, चारही सतरंज्यांवरून त्यांनी समाधानाने नजर फिरवली आणि म्हणाले,

"झालं. सगळे बसले. उद्या हरेशशेठला मधली फायनल करून टाकतो."

सगळे... कुंदाताईंचं इतक्या वर्षांचं गिळलेलं एकदम वर आलं, आणि त्यांनी हातातलं पातेलं पिवळ्या पट्टीच्या आत, गुरुदत्तांनी स्टिअरिंगसाठी राखलेल्या जागी ठेवलं.

"मला गाडी लागत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच लागली नव्हती."

आता एखाद्या घरात या वाक्यावर माणसं गहिवरली असती. या घरात काय झालं? यज्ञेश हसला. म्हणाला, आई, काहीतरीच काय, लहानपणापासून ऐकतोय मी. राजसीने फार मायेने एका गोळीचं नाव सांगितलं, अर्धा तास आधी घ्यायची म्हणे. आणि गुरुदत्तांनी चष्मा पुसत, उगाच भलता हट्ट करू नये, तिच्याच जिवाला त्रास होईल, तीस वर्षांचा रेकॉर्ड आहे, असं समजावलं. रेकॉर्ड! जिला कधी प्रवासाला नेलंच नाही तिचा रेकॉर्ड! अरे, भाजीला, लग्नाच्या खरेदीला, यज्ञेशच्या बारशाची झबली आणायला, रिक्षाने उल्हासनगरच्या खड्ड्यांतून हजारदा गेले की मी, तेव्हा कुणाच्या अंगावर ओकले का? हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं. पण स्वतःच्या पोटाची साक्ष काढत गच्चीत भांडायचं, आणि तेही समोरच्या खिडक्यांसाठी, याचाच त्यांना उबग आला. उद्या मी उल्हासनगरला येणार, एवढंच बोलून त्या खाली गेल्या. पिठल्याचा डाव वर न्यायला विसरल्या होत्या; कुणीतरी खाली येऊन न्यावा म्हणून त्यांनी तो ओट्यावरच ठेवला आणि दार लावून मनसोक्त रडल्या.

सोमवारी शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. गुरुदत्तांना मनातून खात्री करून घ्यायची होतीच, स्वभावाला औषध नाही. त्यांनी हरेशशेठकडे गिऱ्हाइकांना दाखवायची गाडी मागितली आणि कुंदाताईंना मुद्दाम सगळ्यात मागे, मागच्या दिशेला तोंड करून बसवलं. शेठ म्हणाला, भाभीजी, पुढे बसा ना, मागे फार उडते. भाभीजींनी मान हलवून नको म्हटलं आणि पदर खोचला.

गुरुदत्तांनी स्वतः चालवत गाडी अंबरनाथ ओलांडून बदलापूरकडे काढली. खड्डा आला की गुरुदत्त आरशात बघत. वळण आलं की बघत. दोनदा त्यांनी गाडी थांबवून, कसं वाटतंय म्हणून विचारलं. पहिल्यांदा कुंदाताई म्हणाल्या, बरं वाटतंय. दुसऱ्यांदा म्हणाल्या, भूक लागलीय. बदलापूर मागे पडलं. चामटोलीजवळ शेतं आली, वालाच्या वेली आल्या, एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेला उभी राहिली आणि मागे मागे जात लहान होत गेली... कुंदाताई काचेला नाक लावून बघत राहिल्या. रस्ता असा मागे जाताना दिसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं! साठीला टेकलेल्या त्या बाईच्या मनात शाळकरी आनंद दाटून आला आणि त्याच्या मागोमाग असा काही संताप, की इतकी वर्षं आपण हे का सोडलं!

गाडी थांबली. गुरुदत्त पुढून उठून मागे आले आणि समोरच्या बाकावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मग खोटं का सांगितलंस?"

कुंदाताईंनी सांगितलं. सासूबाईंचे डोळे, ती तिकिटं, ते तोंड पुसणं, सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, कारण सासूबाईंना सांगितलेलं खोटं खरं मानायची यांना काय गरज होती? आईला फसवलं, ती पांगळी होती. पण तुम्ही तर धडधाकट होतात!

गुरुदत्तांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मशीन बंद पडलं की आधी कारण शोधा, असं बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो मी. आणि तू घरी राहिलीस, त्याचं कारण एकदासुद्धा तपासलं नाही. सोयीचं होतं गं ते... फार सोयीचं होतं."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कुंदाताईंनी त्यांना लग्नानंतर एवढं रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. त्यांचं काळीज विरघळलं, हात आपसूक पुढे गेला... आणि तेवढ्यात गुरुदत्तांनी डोळे पुसून निर्धाराने सांगून टाकलं की मधली गाडी चौघांची आहे ना, मग पोरांबरोबर तूच जा, मी राहीन घरी.

कुंदाताईंचा हात वाटेतच थांबला. काय म्हणावं या माणसाला!

"खबरदार," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं मागे राहिले, आता तीस वर्षं तुम्ही राहणार, आणि मग यज्ञेशची पाळी? या घरात एकानं मागे राहिल्याशिवाय कुणाला कुठे जाताच येत नाही का? दोघांची घ्या. छोटी. एकदा आपण जाऊ, एकदा ते जातील. ओवी मावते त्यांच्यामध्ये."

तिथूनच त्यांनी यज्ञेशला फोन लावला. पलीकडे आधी मित्रांचं, सुट्ट्यांचं काहीबाही निघालं. मग कुंदाताईंनी शांतपणे सांगितलं की मी चामटोलीत आहे, गाडीत मागे बसून आले, आणि अजून ओकले नाही. एवढा मोठा बापई माणूस, पण फोनवरच हुंदके देऊ लागला. शेवटी राजसीने फोन घेतला आणि ती म्हणाली, "आई, पहिली फेरी तुमची. आम्ही तुम्हाला दशम्या करून देऊ. वाकड्यातिकड्या होतील."

कुंदाताईंनी सांगून टाकलं, जाड लाटल्यास तर वाटेत टाकून देईन, आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे टिपले.

परत शेडमध्ये आल्यावर हरेशशेठने वही काढली. दोघांची म्हणताच तो जरा हिरमुसला, पण धंद्याचा माणूस, लगेच मापं विचारू लागला. प्रत्येकाचा बिस्तर वेगळा, त्याच्या उंचीवर बनतो, साहेबांची उंची किती? पाच आठ. आणि भाभीजींची?

गुरुदत्त बोलायला गेले आणि थांबले. नातीची उंची त्यांना पाठ होती, सोसायटीच्या गेटाची होती, गल्लीच्या वळणाचीही होती. बायकोची ठाऊक नव्हती. शरमेने त्यांची मान खाली गेली. कुंदाताई चपला काढून गाडीच्या लोखंडी खांबाला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. गुरुदत्त गुडघ्यावर बसले, टाचेपासून मोजपट्टी वर नेऊ लागले, आणि एकदा आकडा वाचून त्यांनी पुन्हा टाचेपासून मोजलं.

"पाच फूट एक," ते कसेबसे म्हणाले.

शेठ लिहायला लागला. म्हणाला, पाच तीन पुरे होईल, उरलेल्या जागेत खाली पाण्याची मोठी टाकी बसते.

"नाही," कुंदाताई म्हणाल्या. "सहा फूट लिहा. मला पाय पसरून झोपायचंय."

शेठने गुरुदत्तांकडे पाहिलं.

"ती सांगते तसं लिहा," गुरुदत्त म्हणाले. "टाकी लहान करा."