पाठवणीची दहा सेकंदं

खोटं वाटलं तर आष्टीत या आणि शहेबाजला विचारा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा साधा माणूस. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. दिवाळीनंतरची टळटळीत दुपार होती. भुतं रात्रीच येतात, असं म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये.

भिवराबाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिची मंगल गेल्या वर्षी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली आणि तापाने फडावरच संपली. लग्नाचा व्हिडिओ न्यायचा राहूनच गेला होता.

"संध्याकाळी आमची टोळी निघतीय, बाबा. मोबाइलात घालून दे. एकडाव चालताबोलता बघू दे लेकराला."

"देतो, मावशी. अर्धा तास बसा."

शहेबाजने कॉम्प्युटरवर व्हिडिओ तयार व्हायला लावला. बाराव्या मिनिटाला... थांबला.

'मेमरी अपुरी आहे.'

जुना कॉम्प्युटर, त्यात नवल ते काय? त्याने बाकीचे प्रोग्राम बंद केले. साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. पुन्हा लावला.

बारावं मिनिट... पुन्हा तेच. मंगलची पाठवणी.

मशीन बंद करून चालू केलं. एकही प्रोग्राम उघडा नव्हता. तरी मेमरी शंभर टक्के भरलेली...



पाठवणीला खरा आवाज बंद करायचा आणि वर रडकं गाणं चढवायचं, ही धंद्याची रीतच. ओझं कमी व्हावं म्हणून शहेबाजने ते गाणं काढलं. खालचा आवाज चालू केला...

"आई, मला न्हाई जायचं गं."

शूटिंगच्या दिवशी मंगलची मान खाली होती. त्याला पक्कं आठवत होतं, कॅमेरा त्याच्याच हातात होता.

आता ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

अडणारा तुकडा काढून टाकायचा, हा शेवटचा इलाज. त्याने ती दहा सेकंदं कापली.

व्हिडिओ झटक्यात तयार झाला.

भिवराबाईने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. बायका हळद लावत होत्या... पाट रिकामा. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा उभा, दुसरीकडे मोकळी जागा. तिथे हार अधांतरी लटकत होता.

"बाबा... माझी मंगल कुठं हाय?"

शहेबाजने मूळ फाइली उघडल्या. त्यांतही ती नव्हती. कॅमेऱ्याची कार्डं तर केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नांना वापरली होती. आईजवळ उरलेलं लेकीचं तेवढंच रूप, तेही त्याच्या हातून गेलं.

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. भिवराबाई मोबाइल पदरात गुंडाळून उठली. रडलीसुद्धा नाही.

शहेबाजने पुढे नवी मेमरी बसवली, जुनीच्या चौपट. मशीन चालू केलं... शंभर टक्के भरलेली. आजही तशीच आहे. तो कॉम्प्युटर त्याला विकवत नाही आणि फोडवतही नाही.

दर रविवारी फडावरून फोन येतो.

"सापडली का रे?"

"हुडकतोय, मावशी."

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या बंद स्पीकरमधून... कुणीतरी "आई" म्हणतं.

शहेबाज फोन त्या स्पीकरजवळ नेऊन धरतो. दर वेळी धरतो.

भिवराबाईला काहीच ऐकू जात नाही.