नऊ मिनिटं

तो फलक तुम्हीच लावलात, साहेब. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या बरोबर समोर, लाल अक्षरांत: पहिली चूक ताकीद, दुसरी चूक घरी. म्हणून सुरुवात तुमच्यापासून.

प्रेसखाली हात सापडला आणि रक्त जाऊन सुसाट मेला. सुसाट हे त्याचं कारखान्यातलं नाव. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. "घाई नडली," सगळे म्हणाले. चूक त्याचीच ठरली, तर बायकोला भरपाई नाही.

ती फाटकाशी उभी होती. अपघाताच्या चौकशीला आलेल्या तपासबाईंना म्हणाली, "घाई करायचे ते. पण मरायची घाई नव्हती त्यांना."

तपासबाईंनी प्रेस पाहिला. समोरची जाळी उघडी असली की मशीनच्या बाजूच्या पेटीतला स्विच मशीन चालूच देत नाही. तपासला, चालत होता. मग हात आत गेलाच कसा?

पेटीच्या झाकणावर रक्ताचे थेंब सुकले होते. चारही स्क्रूंच्या खाचांतलं रक्त तेवढं खरवडून निघालेलं.

धोक्याची घंटा होईपर्यंत मुकादम फाटकावर ट्रक उतरवत होता. ड्रायव्हरनेही तेच सांगितलं. आत उरला फिटर. तीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. थंडोबा म्हणायचे त्याला.

"काका, किंकाळी ऐकल्यावर काय केलंत?"

"मशीन बंद केलं. घंटा दाबली."

"लगेच?"

"लगेच."

"मशीनचं घड्याळ तीन दहाला थांबलंय. घंटा झाली तीन एकोणीसला."

मुकादम मध्ये पडला. "बाई, काका मुंगी मारायचे नाहीत! गडबडले असतील."

"गडबडलेला माणूस चार स्क्रू नीट पिळत नाही," तपासबाई म्हणाल्या. "काका, तार जोडून तुम्ही स्विच टाळला होता. जाळी उघडी, तरी मशीन चालू. तो पडल्यावर झाकण उघडलंत, तार काढलीत, झाकण लावलंत. रक्त उडाल्यानंतर पेचकस फिरलाय. मग घंटा. हे उतावळ्याचं काम नाही. मन आवरणाऱ्याचं आहे."

फिटरने खिशातून तार काढून टेबलावर ठेवली.

"स्विच अडायचा. दुरुस्तीला मशीन थांबवलं, तर ताकीद मिळाली. पुन्हा थांबवलं असतं तर घरी. म्हणून तार जोडली. तो पडला तेव्हाही, बाई, फलक समोर होता. त्याच्याकडे बघत आवरलं स्वतःला."

"आणि तो?"

"काका, काका म्हणून हाका मारत होता."

फिटरला नेलं. बायकोला भरपाई मिळेल. फलक तिथेच आहे; परवा कुणीतरी पुसून लख्ख केलाय.

माणूस पायाशी मरत होता, आणि दुसऱ्याला भीती वाटली ती तुमची. फिटरने नऊ मिनिटांचं उत्तर दिलं. तुमचं कुठाय, साहेब?