डेअर फाडन, म्हणजे धागा

पांजणीसाठी, म्हणजे खळ लावायला, ताण्याचे उभे धागे गल्लीभर पसरले होते, आणि एक उंच मुलगा खाली मान घालून काहीतरी पुटपुटत सरळ त्यात शिरला. माझ्या डोळ्यांदेखत धागे तटातट तुटले.

अव्वा, माझी आई, ओरडायच्या आत तो खाली बसून जोडायला लागला. गाठी बांधल्या त्या तुरीच्या दाण्याएवढ्या! मी सगळ्या सोडल्या. अशी गाठ मागाच्या फणीत अडकते आणि धागा पुन्हा तुटतो, हेही त्याला सांगावं लागलं.

"आन् मंतर कसला म्हनत हुता?" मी विचारलं.

"जर्मन हाय," तो ओशाळला. "डेअर फाडन. म्हंजी... धागा."

मला हसू आवरेना.

त्याचं नाव शिवयोगी, गिरणीच्या रंगखात्यातला. भाषेच्या परीक्षेत पास झाला तर गिरणी त्याला दोन वर्षं जर्मनीला पाठवणार होती. मग तो रोज सकाळी येऊ लागला. मी त्याला बारीक गाठ शिकवायची आणि त्याची वही हातात धरून पाठ ऐकायची. तिकडे म्हणे प्रत्येक नामाचं लिंग घोकावं लागतं. धागा मात्र तिकडेही पुल्लिंगीच. धाग्याचा, डेस फाडन्स. धाग्याला, डेम फाडन. चुकला की मी नुसती भुवई उचलायची, आणि तो माझ्याकडे बघत पुढचंही विसरायचा. मला ते फार आवडायचं. पाठ पक्का झाला की हा जाणार, हे कळत असूनही मी एकही चूक सोडली नाही.

तो पास झाला.

निरोपाला आला तेव्हा मी मागावर नवा ताणा जोडत बसले होते. विणलेली साडी मागावरून उतरली तरी तिचे शेवटचे धागे आम्ही फणीत तसेच ठेवतो. नवा ताणा त्यांनाच एकेक करून जोडायचा असतो.

"मंद्रूपचं स्थळ आलंय म्हनं," तो म्हणाला. "माज्यापायी थांबू नका, दानम्मा. दोन वर्सं लई हुतात."

"तुमच्या मनात काय हाय, ते सांगा की."

त्यानं फणीतला एक सुटा धागा चिमटीत धरला.

"तुमी थांबावं," तो हळूच म्हणाला — "एक गाठ मी बांधू?"

त्यानं गाठ बांधली. मग मागं न बघता तो निघून गेला.

दुपारी ताणा पुढे ओढला. माझ्या गाठी फणीतून सहज पार गेल्या. त्याची गाठ फणीशी आली तेव्हा माझा हात थांबला. घाबरतच ओढलं... आणि ती अलगद पार झाली. इतकं मन लावून तो शिकला होता.

अव्वा चुलीशी होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले.

"मंद्रूपला न्हाय म्हनून सांग, अव्वा. मी थांबनार हाय."