चीफ जस्टिस उभे राहिले

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ही गोष्ट जिच्या बाबतीत घडली ती आश्लेषा माझी सख्खी मावसबहीण. ती वकील आहे. पुण्याला शिवाजीनगर कोर्टात तिनं पाच वर्षं प्रॅक्टिस केली. उगाच काहीबाही बोलणाऱ्यातली ती नाही.

तारीखही तिला पक्की आठवते. गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३. दुपारचे सव्वाचार. इंग्लंडात, मिल्टन कीन्सपासून वीस मिनिटांवरच्या एका गावात, चर्चमागच्या दगडी घरात.

रात्र नव्हती. पण नोव्हेंबरात इकडे सव्वाचारला दिवस संपलेला असतो.

लग्नानंतर आश्लेषा साकेतबरोबर इकडे आली. साकेत आयटीत. हिची सनद इथे कुणी विचारेना. सहा वर्षं तिनं कधी शाळेच्या ऑफिसात, कधी वेअरहाउसच्या हेल्पडेस्कवर काढली. आणि मग अचानक तिला हवं तसं काम मिळालं.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट असतं. तसल्या एका राज्याचे माजी चीफ जस्टिस, हॉलिस ब्रँडेल, निवृत्तीनंतर इकडे लेकीकडे राहायला आले होते. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. त्यांना आत्मचरित्र लिहायचं होतं. ते सांगणार, आश्लेषानं टाइप करायचं आणि वाचून दाखवायचं. सोमवार ते गुरुवार.

माणूस फार लाघवी. ही वकील आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तिला "कौन्सेलर" म्हणायला सुरुवात केली.

"ताई, सहा वर्षांत मला कुणी वकील म्हटलं नव्हतं गं," ती मला फोनवर म्हणाली होती.

बर्मिंगहॅमच्या एका लॉ फर्ममध्ये तिनं अर्ज केला होता. त्यासाठी जज स्वतः शिफारसपत्र देणार होते.

काम छान चाललं होतं. जजचे वडील न्हावी. दिवसा लाकडाच्या वखारीत हिशेब लिहून रात्रीच्या कॉलेजात केलेलं लॉ. तेहतिसाव्या वर्षी जिल्ह्याचे जज. त्रेचाळिसाव्या वर्षी सुप्रीम कोर्टात. छप्पन्नाव्या वर्षी चीफ जस्टिस. अकरा वर्षं ती खुर्ची. एकही डाग नाही.

फक्त एक गोष्ट होती...

जज जेवून अभ्यासिकेत यायचे, तेव्हा शेजारच्या डायनिंग रूममधून आवाज यायचा.

ठक्...

आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा. खर्रर्र...

जज आपल्या जागी बसले, की पलीकडेही कुणीतरी बसायचं. लाकूड करकरायचं. मग शांत.

पहिल्यांदा तिला वाटलं, मार्गो असेल. मार्गो म्हणजे जजची मुलगी. पण मार्गो तर लंडनला कामावर जायची. घरात हे दोघंच.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "जज, शेजारी कुणी आहे का?"

जजनी एकदम मान वर केली. "तुला ऐकू आलं?"

"खुर्चीचा आवाज आला."

ते भिंतीकडे कान देऊन राहिले. मग हसले. "जुनं घर आहे, कौन्सेलर. जुन्या घरांना सांधेदुखी असते."

आश्लेषाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण घरी जायच्या आधी तिनं डायनिंग रूमचं दार उघडून पाहिलं.

टेबल. सहा खुर्च्या. सगळ्या नीट आत सारलेल्या.

आणि खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड कार्पेट...

कार्पेटवर खुर्ची खरखरत नाही.

तिनं साकेतला सांगितलं. तो म्हणाला, "नको जाऊस मग. सोड."

"आणि शिफारसपत्र? साकेत, हे एवढं एक काम मला माझं वाटतंय रे."

ती जात राहिली. माणसाला कशाचीही सवय होते.

मग तो गुरुवार आला.

सकाळपासून धुकं होतं. मार्गो लंडनला, सहाच्या आधी येणार नव्हती. साकेत पाच वाजता आश्लेषाला न्यायला येणार होता. जज त्या दिवशी जेवले नाहीत. अभ्यासिकेतून हललेच नाहीत.

प्रकरण सतरावं होतं. जज सांगू लागले.

१९८१ साली वेस कॉटरिल नावाचा एक मजूर त्यांच्यासमोर उभा होता. पेट्रोलपंपावरच्या माणसाच्या खुनाचा आरोप. ज्युरीनं दोषी ठरवलं, जजनी जन्मठेप दिली. सतरा वर्षांनी एक बाई पुढे आली. म्हणाली, खुनाच्या रात्री वेस माझ्या घरी होता. खटला परत उघडा म्हणून अर्ज सुप्रीम कोर्टात आला. तोवर ब्रँडेल तिथे चीफ जस्टिस झालेले.

"लिही," जज म्हणाले. "मूळ शिक्षा मीच दिली होती. म्हणून नियमाप्रमाणे मी त्या सुनावणीतून बाजूला झालो. माझ्या सहकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. ही बाई खरं बोलत असती तर सतरा वर्षं गप्प का बसली, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी बाजूला झालो याबद्दल वर्तमानपत्रांनी माझं कौतुक केलं."

आश्लेषानं टाइप केलं. मग वाचून दाखवलं.

"त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं..."

ठक्.

ती वाचता वाचता थांबली. जज तर जागेवरच बसलेले होते. मग हा आवाज आता का?

खर्रर्र...

जजनी घसा खाकरला. आणि एका वेगळ्याच आवाजात, मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून म्हणाले,

"बसा."

करकर यायला हवी होती. रोज यायची.

आली नाही.

"खाली बसा!"

काही नाही.

हीटिंगचा पाइपसुद्धा वाजत नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर एक गाडी नाही. पलीकडे कुणीतरी उभं आहे, एवढंच कळत होतं. ते कसं कळतं हे तिला आजही सांगता येत नाही.

जजच्या कपाळावर घाम आला होता. "कौन्सेलर, जरा बघून ये."

ती उठली. डायनिंग रूमचं दार ढकललं, दिवा लावला.

पाच खुर्च्या आत. सहावी मागे सरकवलेली.

कुणी नव्हतं.

पण खोलीत वास होता. ओल्या लाकडाच्या भुश्शाचा.

तिनं दिवा तसाच ठेवला आणि परत आली. "कुणी नाहीये, जज. एक खुर्ची फक्त..."

"उभाच आहे ना?"

ती दारातच थांबली.

"वेसचा एक पाय आखूड होता," जज हळू आवाजात म्हणाले. "लाकूड कापायच्या गिरणीत मोडलेला. उठताना आधी टेबलावर तळहात टेकायचा. ठक्. मग खुर्ची. माझ्या कोर्टात नऊ दिवस तो रोज असा उठला. नव्व्याण्णव साली तुरुंगातच वारला. त्याच आठवड्यापासून मी हे ऐकतोय. आधी चेंबरमध्ये. मग घरी. मग समुद्र ओलांडून इथे. मी बसलो, नाहीतर 'बसा' म्हटलं, की बसायचा. चोवीस वर्षं बसत आला."

"मग आज का नाही बसत?"

जजनी भिंतीकडून तोंड तिच्याकडे वळवलं.

"ती बाई सतरा वर्षं गप्प नव्हती बसली, कौन्सेलर. तिनं तेव्हाच मला पत्र लिहिलं होतं. शिक्षा सुनावायच्या चार दिवस आधी. ते बचावाच्या वकिलाला दाखवणं माझं काम होतं. पण सुप्रीम कोर्टासाठी गव्हर्नरांकडे माझ्या नावाचा विचार चालला होता. खटला पुन्हा उभा राहिला असता तर... मी पत्र खणात ठेवलं. आणि सतरा वर्षांनी, सगळं कोर्ट ज्या पुराव्यासाठी अडलं होतं, तो माझ्या खणात होता. आणि मी बाजूला झालो. नियमाप्रमाणे."

आश्लेषानं कीबोर्डवरून हात काढले. हाच माणूस तिला कौन्सेलर म्हणत होता.

"पत्र कुठंय आता?"

"जाळलं."

तिनं हात परत कीबोर्डवर ठेवले. मग तिनं विचारलं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"लिहू का हे?"

जजनी भिंतीकडे पाहिलं. ज्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, त्या डोळ्यांनी.

"लिही."

त्यांनी सगळं सांगितलं. तारखांसकट. बाईच्या नावासकट. ती टाइप करत गेली. शेवटचं वाक्य झालं आणि जजनी खुर्चीचे हात धरले. एरवी त्यांना उठवायला माणूस लागायचा.

ते एकटे उठले. ताठ उभे राहिले. हात बाजूला.

आणि पलीकडून...

लाकूड करकरलं.

कुणीतरी खाली बसलं.

आश्लेषाला रडूच आलं. सुटलो, असं वाटलं. "झालं, जज. आता बसा तुम्ही."

"तू सांगून चालणार नाही, कौन्सेलर."

"म्हणजे?"

"ज्याच्यासमोर उभा आहे, त्यानं सांगायला हवं."

तिनं त्यांचा दंड धरला. खाली ओढून पाहिलं. गुडघे वाकेनात. पाच वाजता साकेत आला, त्यानंही प्रयत्न केला. पाय थरथरत होते, चेहरा पांढरा पडला होता, पण चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा खांबासारखा उभा. दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवलं. मार्गोला फोन केला, ॲम्ब्युलन्सला केला. ॲम्ब्युलन्स यायला पावणेसात झाले.

पॅरामेडिक्सनी त्यांना उभ्याउभ्याच स्ट्रेचरला बांधलं आणि मग आडवं केलं.

नवव्या दिवशी ते हॉस्पिटलातच वारले.

घटना इथे संपली असती तर मी लिहिलीही नसती.

अंत्यविधीनंतर मार्गो आश्लेषाच्या घरी आली. हातात शिफारसपत्र. जजनी आधीच सही करून ठेवलेलं.

"शेवटी शेवटी डॅडना भ्रम होत होता," ती नम्रपणे म्हणाली. "सतरावं प्रकरण तू डिलीट करशील ना?"

आश्लेषानं पत्र तिच्या हातात परत दिलं.

सतरावं प्रकरण तिनं त्या राज्यात गरीब कैद्यांचे खटले लढणाऱ्या एका संस्थेला पाठवलं. वेसची बहीण अजून जिवंत आहे म्हणे. भावाच्या नावावरचा खून पुसला जावा म्हणून तिची धडपड चालू आहे. संस्थेचं उत्तर आलं. मूळ पत्र नाही, त्यामुळे नुसतं टाइप केलेलं पान पुरेसं नाही. त्या दुपारी काय घडलं ते सगळं शपथेवर लिहून द्याल का?

ते प्रतिज्ञापत्र तिनं लंडनच्या पिनर भागात, माझ्या डायनिंग टेबलावर बसून लिहिलं. मध्येच पेन खाली ठेवलं.

"ताई, आवाजाचं लिहू?"

"वेडी आहेस का? कोण विश्वास ठेवील बाकीच्यावर?"

"हो ना. पण ते वगळलं तर मी पण तेच केलं गं. अडचणीचं होतं म्हणून खणात ठेवलं."

मी पेन तिच्याकडे सरकवलं.

तिनं लिहिलं. सातव्या परिच्छेदात, सगळं. तिकडच्या वकिलानं फोन करून दोनदा विनवलं, तेवढा भाग काढा, केस कमजोर होते. तिनं नाही काढला. अर्ज दाखल झालाय. तारीख अजून लागलेली नाही. त्या परिच्छेदापायी अर्ज फेटाळला गेला तर वेसच्या बहिणीला ती काय तोंड दाखवणार, हे तिलाही माहीत नाही.

बर्मिंगहॅमचं काम मिळालं नाही. ती परत हेल्पडेस्कवर जाते.

मी तिला विचारलं, भीती वाटते का अजून?

"त्या आवाजाची नाही वाटत," ती म्हणाली. "तो बिचारा नुसता उभा राहायचा. मला जज आवडायचे, ताई. सगळं कळल्यावर सुद्धा, स्ट्रेचरवर बांधलं तेव्हा मी त्यांचा हात धरला होता. अजून आवडतात. त्याची भीती वाटते."