समोरच्या खुर्चीतला विचार

नागपूरच्या क्रीडासंकुलात शालेय राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी रंगात आली असताना पहिल्या पटावरचा दिवा अचानक लाल झाला, आणि कडेला बसलेले हिंगमिरे सर ताडकन उठून उभे राहिले. त्या पटावर पांढऱ्या सोंगट्या घेऊन त्यांची शिवांजली बसली होती. शिवांजली वाघमोडे, आटपाडीपलीकडच्या वस्तीवरची, आठवीतली पोर. ती जिंकली तर अजिंक्यपद तिचं, बरोबरी झाली तर समोर बसलेल्या चेन्नईच्या कयलचं, असा सरळ हिशेब होता. लाल दिव्याने त्यात पाचर मारली.

मुख्य पंच देशकरांनी घड्याळ थांबवलं. कयलला पटापाशीच बसवून त्यांनी शिवांजलीला आणि सरांना शेजारच्या काचेच्या खोलीत नेलं. तिथे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. हेमलता सोमण बसल्या होत्या. सगळे खेळाडू कपाळावर बांधत ती विचारपट्टी त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मली होती, आणि त्यांना तिचा कोण अभिमान.

"खेळाडू एखादी चाल मनात खेळून बघतो, तेव्हा मेंदूत तिचा ठसा उमटतो," त्या सरांना म्हणाल्या. "पट्टी तो टिपते. दोन्ही खेळाडूंच्या डोक्यांत चालींची एकच लांब माळ उमटली, तर एकजण दुसऱ्याच्या पट्टीतले ठसे चोरतोय असं आम्ही धरतो. मग दिवा लागतो."

"आत्ता काय जुळलं?" देशकरांनी विचारलं.

"काळ्याचा हत्ती देऊन बरोबरी साधायची माळ. दोघींच्या डोक्यांत, जशीच्या तशी."

"काळ्या सोंगट्या कयलच्या. म्हणजे विचार तिचा आणि चोरी हिची." देशकरांनी निकाल देऊनही टाकला. "हिच्यावर बंदी घालावी लागेल."

"मी न्हाई चोरलं," शिवांजली म्हणाली. तिची मान वर होती.

सरांना राहवेना. "मॅडम, आमच्या वस्तीवर हिच्याशी खेळायला कुणी न्हवतं. मी कबड्डीचा मास्तर, मला सोंगट्यांची नावं तेवढी ठावं. मग म्हटलं, एकटीच खेळ. पण एक अट घातली. चाल झाली की उठायचं, समोर जाऊन बसायचं, आणि तिथनं खरंच जिंकायला बघायचं. आपल्या बाजूला झुकतं माप द्यायचं न्हाई. कैक वर्षं ही पोर पटाभोवती फिरतीया. इथं उठता येत न्हाई, म्हणून मनानं जात असंल."

"तुमच्या सांगण्यावर निकाल लागणार नाही, सर. वेळा बघू," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावर त्यांनी दोन्ही ठसे एकाखाली एक लावले आणि वेळेचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"चोराच्या डोक्यात ठसा मालकाच्या नंतर उमटायला हवा," शेवटी त्या म्हणाल्या. "हिच्या डोक्यात तो कयलच्या नऊ मिनिटं आधी उमटलाय. जो विचार अजून जन्मलाच नव्हता, तो ही चोरणार कुठून?"

सरांनी शिवांजलीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, सुटलो. पण देशकर नियमाला चिकटून राहणारा माणूस.

"मग नंतरची कोण? कयल. नियमाने तिला बाद करावं लागेल. अजिंक्यपद हिचं."

खोटं कशाला बोला, सरांच्या मनात क्षणभर लाडू फुटले.

"तिनं बी न्हाई चोरलं," शिवांजली म्हणाली. "माझी चाल खेळून झाल्यावर मला माझी चूक दिसली. मग मी गप वाट बघत हुते, तिला कवा दिसतीय त्याची. ती दांडगी खेळाडू हाय. जे पटावर हाय ते दोघींना दिसलं, त्यात चोरी कसली?"

"डाव पुढे चालला तर तू जिंकणार नाहीस. कळतंय ना?" देशकरांनी विचारलं.

"कळतंय की. तिच्या जागी मी आधी बसून आलीया."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलीचं बरोबर आहे. समोरच्यासाठी इतका प्रामाणिक विचार सहसा कुणी करत नाही, म्हणून आजवर दिवा लागला नाही. चोर पकडायला केलेल्या पट्टीने आज पहिल्यांदा इशारा दिला, तोही दोन भल्या पोरींवर. दिवा बंद करा, देशकर. ठसे नुसते नोंदले जाऊ देत."

डाव पुन्हा सुरू झाला. कयलने हत्ती दिला. शिवांजलीने तो घेतला, पुढच्या चाली भराभर झाल्या, आणि दोघींनी हात मिळवले. बरोबरी. फलकावर कयलचं नाव वर चढलं, शिवांजली दुसरी आली. टाळ्यांच्या गडबडीत डॉक्टरांनी सरांना पुन्हा पडद्यापाशी बोलावलं.

"आपली चाल साधली की मेंदूत आनंदाचा एक ठसा उमटतो. हत्ती दिला त्या क्षणी उमटलेला हा बघा. इतका ठळक मी कधी पाहिला नव्हता."

"उमटणारच. अजिंक्यपद मिळालं पोरीला."

"हा कयलचा नाही, सर. शिवांजलीचा आहे."

सरांनी काचेतून शिवांजलीकडे पाहिलं. अजिंक्यपद हातचं गेलं होतं, आणि त्यांची मान आयुष्यात कधी नव्हती एवढी ताठ झाली होती.